नाडीची पिशवी

"हिचा रंग असा गोणपाटाचा का गं?" साठीला मी दिलेली डिझायनर बॅग उलटसुलट करत आईने विचारलं. "एखादा मोर तरी हवा होता!"

माझे दोन पगार गेले होते, वर मोर कुठून आणू? "आई, याला अभिरुची लागते," मी ऐकवलं.

दिवाळीला माहेरी गेले, तर आई मंडईतून येत होती. हातातल्या पांढऱ्या, नाडीच्या पिशवीतून मेथी डोकावत होती. बॅगेवर धूळ बसू नये म्हणून दुकानातून मिळालेलं ते कव्हर होतं.

"आणि बॅग कुठाय?"

"आहे की, स्वयंपाकघरात दारामागे."

खिळ्याला माझी अभिरुची लटकत होती. तिच्यात घरातल्या झाडून सगळ्या कॅरीबॅग कोंबलेल्या होत्या.

आई मेथी निवडत म्हणाली, "त्या दुकानात अशा आणखी दोन पिशव्या माग. बॅगही घ्या म्हणाले, तर सांग, एक आहे घरी."