सात नंबरचा शिक्का

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगो गावच्या नोलीनबाई नव्या खुर्चीसकट कोसळल्या आणि त्यांनी दुकानदार मर्व्हवर भरपाईचा दावा ठोकला. दुकान विकायची वेळ येणार म्हणून मर्व्ह कोर्टाला म्हणाला, "साहेब, ही भरपाई कारखान्याने भरावी. त्याला यात ओढायची परवानगी द्या."

परवानगी मिळाली. कारखान्यानेही तीच मागितली, "खुर्ची तपासून शिक्का मारणाऱ्या आमच्या सात नंबरच्या कामगाराला ओढू द्या."

"सात नंबर मीच की!" नोलीनबाई उठल्या.

मर्व्हच्या जिवात जीव आला.

"पण शिक्का मेलबर्न कपच्या घोडशर्यतीच्या दिवसाचा आहे, साहेब," नोलीनबाई पुढे म्हणाल्या. " कारखान्यातल्या टीव्हीवर घोडे धावत असताना खुर्च्या कोण बघतं? मलाही परवानगी द्या."

"आता तुम्हाला कुणाला ओढायचंय, बाई?"



"कारखान्याला टीव्ही विकणाऱ्या मर्व्हला!"