तथास्तु म्हणणारं घर

भांडणाच्या भरात नचिकेत बायकोला, मुक्ताला म्हणाला, "तुझं तोंडही बघायचं नाही मला!"

"तथास्तु," घर म्हणालं आणि दोघांच्या मधे भिंत उगवली. ती हटवायला सांगून आता कमीपणा कोण घेणार?

शेवटी मुक्ताची आत्या घण घेऊन आली. शहरातली शेवटची इंटिरियर डिझायनर.

"भिंत रहिवाशांनीच मागितली आहे," घरानं बजावलं. "इथं मागाल ते मिळतं. तुमचा धंदा केव्हाच संपलाय."

"मागेल ते बांधून देणारे गवंडी-सुतार आमच्या आधीही होते," आत्या कडाडली. "आमचा धंदा जन्मला तो गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायला!"

घणाच्या घावासरशी भगदाड पडलं. पलीकडे दाढी वाढलेला नचिकेत उभा होता.

"भिंत पुन्हा उभारू?" घरानं विचारलं.

"नाही!" दोघं एकदम ओरडली.