बाबांचा फिल्टर

बाबांना जाऊन दहा दिवस झाले, तरी सांत्वनाची एकही मेल आली नव्हती. "आयुष्यभर माणसं जोडली, आणि दोन ओळी कुणाला लिहवेनात," आई म्हणाली. घरातल्या सगळ्यांच्या मेलसाठी बाबांनी घरातच थाटलेला मेल सर्व्हर लेकीने उघडला. स्पॅममध्ये सांत्वनाच्या एकशे बेचाळीस मेल पडल्या होत्या. कुणी बाबांना 'देवमाणूस' म्हटलं होतं, कुणी 'गुरू'.

"बिघडलं का गं ते?"

"नाही आई, बाबांनीच शिकवलंय त्याला. स्वतःची स्तुती आली की ती मेल स्पॅममध्ये ढकलायचे. अकरा वर्षं बघून बघून फिल्टर त्यांच्याच वळणावर गेला."

"अगदी त्यांच्यावरच! कुणी कौतुक करायला लागलं की चहा अर्धा टाकून उठायचे." दहा दिवसांत आई पहिल्यांदा हसली.

आता कौतुक म्हणजे स्पॅम नव्हे, हे फिल्टरला उदाहरणं देऊन शिकवायला हवं होतं. बाबांनी तशी काही आधीच दिली आहेत का, ते लेकीने पाहिलं. त्यांनी स्पॅममधून स्वतःच्या हाताने परत काढलेल्या मेल सापडल्या, फक्त नऊ.

नऊच्या नऊ मेलमध्ये कौतुकच होतं, पण लेकीचं.