पायाखालचं पेडल

एक्हार्टनं जर्मन रेल्वेत जन्मभर इंजिन चालवलं. निवृत्त झाल्यावर बायको इर्मट्राउट काहीही बोलली, की तो पेपरामागून "हो" म्हणायचा. समुद्रावर जायलाही दर उन्हाळ्यात "हो"च, मग ऐनवेळी, "असं कधी ठरलं होतं?"

"इंजिनात तरी जागा असायचास का रे?" इर्मट्राउटनं एकदा विचारलं.

"तिथे झोपायची सोयच नाही. पायाखाली पेडल असतं. नुसतं दाबून ठेवलं, तर ड्रायव्हर बेशुद्ध पडलाय असं समजून गाडी आपोआप थांबते. जागे आहोत हे दाखवायला ते मधूनमधून सोडावं लागतं."

"म्हणजे तुझं 'हो'! कायम दाबलेलं."

एक्हार्टला हे पटलं. तेव्हापासून तो दर तीन 'हो'नंतर एक 'नाही' सोडू लागला. ऐकत तो तरीही नव्हताच. हे इर्मट्राउटच्या लवकरच लक्षात आलं आणि ती त्याचे 'हो' मोजू लागली. रविवारी केक कापताना तिनं तीन 'हो' जाऊ दिले आणि विचारलं, "यंदा समुद्रावर जायला तुझी काही हरकत?"

"नाही."

"ठरलं तर! आणि आता झोपेत होतो म्हणायचं नाही. पेडल तू सोडलंयस."