कणभर पूड
फ्रीजरच्या तळाशी बर्फात रुतलेली कुपी विद्यार्थिनीने खरवडून काढली आणि प्राध्यापक बाईंपुढे धरली. आत कणभर पांढरी पूड होती: बाईंच्या दिवंगत वडिलांच्या लघवीतून गाळून गाळून वेगळं केलेलं छोटंसं प्रथिन. वडिलांची मूत्रपिंडं थकल्यावर ते अंगातून वाहून जायचं. त्या काळी लेकीला संशोधनाला नेमकं तेच हवं होतं. म्हातारा रोज लघवीचा कॅन छातीशी धरून बसने प्रयोगशाळेत यायचा. "काय आहे हो यात?" कंडक्टरने विचारलं की म्हणायचा, "लेकीची पीएचडी! धक्का लावू नका, सांडेल." "मॅडम," विद्यार्थिनी म्हणाली, "याच्या रेणूचं वजन पुस्तकातल्यापेक्षा जास्त का भरतं, ते नव्या यंत्रावर कळेल. पण सगळी पूड संपेल. वापरू?" बाईंनी कुपी मुठीत धरली. बर्फ वितळून बोटांतून ठिबकू लागला. मग मूठ उघडली. "वापर. सांडू नकोस हं. बाबा आहेत त्यात."