वहिनीची बाटली

दिपालीनं ओट्यावर बाटली ठेवली आणि रोजच्यासारखी हाक मारली, "भाऊजी, घ्या हो आठवणीनं!"

"घेतो, वहिनी!" मोरीतून धनेश ओरडला. बायकोच्या, निशाच्या, हाकेला या माणसाची ओ कधी इतकी चटकन आली नव्हती.

निशानं बाटली उचलली, मागच्या दारी अळवात रिकामी केली, खळखळून धुतली आणि आपल्या पितळी पातेल्यातला काढा तिच्यात भरला. रंग तोच, पालाही तोच घेटुळीचा. हात तेवढा वेगळा.

धनेश दापोड्याला जुन्या बॅटऱ्या फोडायच्या गोदामात कामाला होता. पाय सुजले म्हणून तपासण्या केल्या, तर रक्तात शिसं निघालं आणि किडनी थकलेली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, काम सोडायला लावलं. आता तो कशेळीला कापडाच्या गोदामात जायचा. किडनी सावरली तर ठीक, नाहीतर डायलिसिस.

तेव्हाच ही मोठी जाऊ पुढं सरसावली. बाई एमएस्सी! "कॉलेजात आम्ही शिसं दिलेल्या उंदरांवर बघितलं होतं. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नव्याच्या अर्कानं त्यांची किडनी बरीच वाचली. माणसाचं छातीठोक सांगता येत नाही. डॉक्टरांची ना नसेल तर घ्या, पण गोळ्या सोडू नका."

डॉक्टर म्हणाले, घेऊन बघा. झालं! घरात दिपालीचा उदोउदो सुरू झाला. सासरे केसरीनाथ खाडीवर जाळं टाकून आले की पाय धुवायच्या आधी विचारायचे, "धनेश, वयनीची बाटली घेतलीस का रं?"

निशाच्या अंगाची लाही लाही व्हायची. नवरा माझा, उशाशी जागते मी, आणि गुण येणार तिच्या हाताला? घेटुळीचं काय एवढं, ती कुंपणालाही उगवते. आपला काढा गुपचूप द्यायचा आणि रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांदेखत सांगायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

काही कमी मात्र पडू दिलं नाही. आईनं दिलेलं पातेलं काढलं, गल्लीत आलेल्या कल्हईवाल्याला दारात बसवलं. कथीलसुद्धा घरचंच दिलं, माळ्यावरच्या डब्यातली पांढुरकी लगड. त्यानं ती हातात तोलून पाहिली.

"भाभी, मेरा राँगा लगाऊँ?"

स्वतःचं कथील खपवायला बघतोय मेला! "नको. हमाराच लगाव."

कडूपणा मोडावा म्हणून ती काढ्यात मूठभर आमसुलं टाकायची आणि सकाळपर्यंत पातेल्यातच मुरू द्यायची.

"वहिनीच्या हाताला चव आहे," बाटली तोंडाला लावून धनेश म्हणायचा. "हल्ली तर गोडसर लागतो." निशा ओठ चावायची. तिचाही दिवस येणार होता.

दुसरा रिपोर्ट आला. शिसं वाढलं होतं आणि किडनी आणखी बिघडली होती.

"काम सुटलं, मग हे येतंय कुठून?" डॉक्टर म्हणाले. "घरातून काहीतरी पोटात जातंय."

घरी येताच सासूनं, धोंडूबाईनं, दिपालीला दारातच धरलं. "तुझी बाटलीच नडली गो माझ्या पोराला!"

"आई, मी रोज स्वतः..." दिपालीचे डोळे भरून आले.

निशाला तिची दया यायला हवी होती. आली नाही. उलट पोटात गार वाटलं. काढा तर आपला होता, चोख. मग खोट त्या बाटलीतच असणार! मेलीनं कुठली भंगारातली आणली होती कोण जाणे.

ती आत गेली, पातेल्यातून थेट पेला भरला, अगदी काठोकाठ, आणि धनेशच्या हातात दिला. त्यानं गटागटा संपवला.

"अगं, हा तर वहिनीचाच!"

"त्यांचा नाय, माझा हाय," निशा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पहिल्यापासून माझाच पिताय तुम्ही. ताईंचा एक थेंब तुमच्या पोटात गेला नाय. आता ती बाटली नको नि ते कौतुक नको. या पातेल्यातला घ्या, मग बघा गुण!"

धनेशनं रिकामा पेला पुढं केला आणि निशानं तो पुन्हा भरला.

तेवढ्यात माळ्याच्या शिडीवरून केसरीनाथ रिकामा डबा हलवत ओरडले, "माल्यावरच्या डब्यानचं शिसं कुनी नेलं गो? जाल्याला गोल्या वतायच्या हायत माला!"