कोरी वही

चोवीस घरांच्या या सरकारी वसाहतीत मोडेल ते दुरुस्त करणारा मी एकटाच, तोही कंत्राटी. आईच्या आजारपणात वीस दिवस गावी राहिलो. परत आल्या आल्या आधी जिन्याखालची तक्रारवही उघडली. पानं कोरी! एरवी नळ जरा ठिबकला की पानभर लिहिणारी ही माणसं. खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण मन खट्टू झालं. माझ्यावाचून कुणाचं काही अडलंच नव्हतं.

टाकी बघायला जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावर गळक्या पाइपाला चिंध्या गुंडाळलेल्या. दुसऱ्यावर मोडका कठडा सुतळीनं बांधलेला. तिसऱ्यावर दिव्याच्या जागी दोरीनं टॉर्च टांगलेला. आणि गच्चीवर बारा नंबरच्या आजी टाकीच्या व्हॉल्व्हशी दोन्ही हातांनी झटत होत्या.

"आजी, उलटा फिरवताय तो! अहो, एवढं सगळं बिघडलं, तर वहीत लिहायला काय झालं होतं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"लिहिलं असतं, तर ऑफिसनं तुझ्या जागी दुसरा माणूस नसता पाठवला? मीच सगळ्यांना दम दिला होता, हा येईपर्यंत वहीला कुणी हात लावायचा नाही म्हणून." आजींनी फडक्याला हात पुसले. "आई बरी आहे ना आता? मग आण ती वही इकडे. माझ्या नळाची तक्रार वीस दिवस पोटात ठेवलीय."